न वळणारं मनगट

“नवस फेडताना मोडलेला हात देवानंच बरा करायला नको का, आप्पा?”

सिद्रामआप्पांनी मान वर केली नाही. आपल्या दत्तमठाच्या ओसरीवर गोणपाट टाकून ते पळसाच्या पानांची पत्रावळ टाचत बसले होते. एका पानावर दुसरं पान ठेवायचं, मधून बारीक काडी खुपसायची.

“कसला नवस?” त्यांनी विचारलं.

शालनला हे जरा लागलंच. तिच्या नवसाची गोष्ट नदीकाठच्या साऱ्या गावांना पाठ होती. नव्या सुनांना सासवा ती गोष्ट सांगत. आणि ज्यांच्या दारात तो नवस फेडला, तेच विचारतात, कसला नवस!

पण तिनं सांगितलं. सांगायला तिला आवडायचंही.

अनू तिची एकुलती एक लेक. शाळेत जायची, दोन वेण्या घालून उड्या मारत जायची, तेव्हाची गोष्ट. ताप आला तो डोक्यात गेला. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा शालननं तिथंच जिन्यात पदर पसरला होता. ‘दत्तमहाराज, पोरगी वाचू दे. घाटापासून तुमच्या दारापर्यंत दंडस्थान घालीन. मधे थांबणार नाही, मधे बोलणार नाही.’

पोरगी वाचली.

मग एका गुरुवारी पहाटेच शालन ओल्या लुगड्यानं नदीतून वर आली. दंडस्थान म्हणजे पालथं पडायचं, हात पुढं लांबवायचे, बोटं टेकतील तिथं कुणीतरी रेघ मारायची. उठायचं, रेघेवर उभं राहायचं, पुन्हा पडायचं. असं करत करत देवाच्या उंबऱ्याशी पोचायचं. मधे थांबलं की सगळं वाया, पुन्हा नदीपासून सुरुवात. आणि निघण्याआधी आप्पांच्या हातचा नारळ ओटीत घ्यायचा, ही या मठाची रीत. त्या नारळाशिवाय इथं कुणी दंडस्थानाला उभं राहत नाही.

“घाटावर शेवाळ होतं, आप्पा. पाय सरकला. सगळा भार या तळव्यावर आला. आत काहीतरी कट् झालं. पण मी तोंडातून हूं की चूं काढलं नाही.”

“मग?”

“मग काय! घातलं पुरं दंडस्थान. त्याच हातावर रेटा देऊन उठत होते. दारात पोचले तेव्हा मनगट हे एवढं सुजलेलं. बाया माझ्या पाया पडल्या, आप्पा. म्हाताऱ्यासुद्धा. तुम्हीच तर नारळ दिलेला तेव्हा.”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “मीच दिलेला...”

काडी टोचताना त्यांचा हात थोडा थांबला. मग पुन्हा चालू झाला.

त्या दिवशी शालननं मनगटाला देवाचा अंगारा लावला. घरी जाऊन हळद-चुना गरम करून बांधला. सूज उतरली. डॉक्टरला दाखवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. देवाच्या वाटेवर मोडलंय ते देवच बघंल, असंच सगळे म्हणाले. हात थोडा दुखत राहिला. त्या दुखण्याचा तिला मनातून अभिमान होता. पोळ्या लाटताना कळ आली की ती लाटणं ठेवून क्षणभर डोळे मिटायची, आणि दत्तगुरूंनी आपल्याला हाक मारली असं समजायची.

वर्षं गेली. कळ वाढत गेली. आता कपबशीही उचलवत नव्हती.

शेवटी विलासनं, तिच्या नवऱ्यानं, तिला आपल्याच रिक्षात घातलं आणि मिरजेला नेलं. तिथल्या हाडाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि काजूएवढं एक हाड दाखवलं.

“बाई, मनगटात अशी लहान लहान हाडं असतात. यातलं हे तुटलं होतं. याला रक्त एकाच बाजूनं मिळतं. तेव्हाच बांधलं असतं तर जुळलं असतं. आता अर्धं मेलंय, आणि त्याच्यापायी आजूबाजूचा सांधाही झिजून गेलाय. हाडावर हाड घासतंय.”

“औषध?”

“औषधाच्या पुढं गेलंय. एकच करता येईल. झिजलेली हाडं साफ करून, मधे तुमच्याच कमरेचं थोडं हाड भरून, वरून पट्टी आणि स्क्रू लावून मनगट एकजीव करून टाकायचं. दुखणं जाईल. मुठीत जोर येईल. वजन उचलता येईल.”

“आणि वळंल?”

फोटो खाली ठेवत डॉक्टर म्हणाले, “मनगट वळणार नाही. कधीच नाही.”

शालननं तिथंच खुर्चीत बसून छातीशी हात जोडून पाहिले होते. बोटं वर, तळव्याला तळवा. मनगट वळल्याशिवाय हे होत नाही, हे तिला जन्मात पहिल्यांदा कळलं. आणि तळव्यावर रेटा देऊन उठल्याशिवाय दंडवतही होत नाही.

“नको,” ती म्हणाली होती. “हात देवापुढं जुळायचा नसंल तर तो हात कशाला हवा?”

तेव्हापासून तिनं मीठ सोडलं. एकवेळ जेवायची, तेही अळणी. सुरीशिवाय हात बरा होईपर्यंत असंच. आणि आता दत्तजयंती जवळ आली होती. पुन्हा दंडस्थान घालायचं, त्याच घाटावरून, त्याच हातानं, म्हणजे देवाला बघावंच लागंल, असं तिनं ठरवलं होतं. त्यासाठीच ती आज मठात आली होती.

“नारळ द्या, आप्पा.”

आप्पांनी पत्रावळ उलटी करून बघितली.

“बाहेर रिक्षात कोण आहे?”

“हे आहेत. आणि अनू.”

उंबराच्या सावलीत रिक्षा उभी होती. मागच्या सीटवर उशांच्या आधारानं अनू कलंडून पडली होती. ताप उतरला, पोरगी वाचली, पण त्या दवाखान्यातून आणली ती अशीच. ना उठणं, ना बोलणं. बोटं मुडपलेली, मान एका बाजूला. आता ती भरल्या अंगाची बाई झाली होती. तिच्या कपाळावर पांढरी पट्टी होती.

“कपाळाला काय झालं?”

शालननं पदर सारखा केला.

उंबराखालून विलास ओरडला, “सांग की! आता का गप्प बसलीस? आप्पा, आंघोळीला उचलताना हिच्या हातनं निसटली. मोरीच्या कडेवर आपटली. टाके घातलेत. मी दिवसभर रिक्षावर, घरात ह्या दोघी. एक उठत नाही, एक ऐकत नाही! तुम्ही तरी सांगा हिला काहीतरी.”

“तुम्ही गप्प बसा हो,” शालन म्हणाली. तिचा आवाज मात्र पार खाली गेला होता.

आप्पांनी विचारलं, “पहिला नवस कुणासाठी बोललीस?”

“अनूसाठी.”

“आणि हे आताचं दंडस्थान?”

“हातासाठी.”

“हात कुणासाठी?”

शालननं गोणपाटावरचं एक पान उचललं आणि पुन्हा ठेवलं.

“कुणासाठी, शालन?”

“देवासाठी,” ती म्हणाली. तिनं हे पटकन म्हटलं. मग उंबराकडं बघायचं टाळलं.

आप्पांनी मान डोलावली. बरोबर आहे म्हणाले की चूक म्हणाले, ते तिला कळलं नाही.

“नारळ आत आहेत,” ते म्हणाले. “मला उठायचंय. हात दे.”

शालनचं तोंड उजळलं. नारळ मिळणार! तिनं डावा हात पुढं केला.

“डावा देतात का कुणाला?”

तिनं उजवा दिला.

आप्पांनी तिचा पंजा धरला आणि सगळा भार त्या हातावर टाकला. जरासुद्धा हातचं राखलं नाही. लहान मूल आईच्या हाताला लोंबकळतं, तसं.

शालननं धरलं. खरंच धरलं. दात आवळून तिनं दत्तगुरूंचं नाव घेतलं. आप्पा अर्धे वर आले... आणि मनगटाच्या आत जात्यात खडा यावा तशी खरखर झाली, आणि बोटं आपोआप उघडली.

आप्पा ओसरीच्या कडेवर कुशीवर पडले. लाकूड पिचावं तसा आवाज झाला.

ते ओरडले नाहीत. नुसता चेहरा पांढरा पडला.

शालन त्यांना धरायला धावली नाही. त्या क्षणी तिचे दोन्ही हात जे आले ते छातीशी आले आणि जुळले. तळव्याला तळवा, बोटं वर. मनगटातून आग निघत होती, तरी जुळले.

“चुकलं, आप्पा... चुकलं माझं... माफ करा मला...”

आप्पांनी जमिनीवरून त्या हातांकडं पाहिलं.

“चांगले जुळलेत,” ते म्हणाले. “आता उचल.”

ती गुडघ्यांवर बसली. त्यांच्या काखेत हात घातले. डावा हात ओढत होता, उजवा सुटत होता. आप्पा थोडे वर आले आणि पुन्हा घसरले. या वेळी मात्र त्यांच्या तोंडून कण्हणं बाहेर पडलंच.

विलास धावत आला. आप्पांनी एक बोट वर करून त्याला थांबवलं. विलासला काही समजलं नाही, पण तो थांबला.

“उचल की, पोरी.”

“नाही उचलत, आप्पा.”

“मग जोड.”

शालननं आपल्या हातांकडं पाहिलं. ते तिच्या मांडीवर पडले होते. तिला ते जोडता येईनात आणि आप्पांना उचलता येईना. रिक्षात अनू घाबरली होती. घाबरली की ती वासरासारखी हंबरायची, तसा आवाज उंबराखालून येत राहिला, येत राहिला...

मग विलासनंच आप्पांना उचललं.

मिरजेपर्यंत रिक्षात आप्पांचं डोकं शालनच्या मांडीवर होतं आणि अनूचं डोकं तिच्या खांद्यावर. रस्त्याला खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला आप्पा डोळे मिटत.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “आप्पा, माझा हात तुम्हाला पेलणार नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?”

आप्पांचे डोळे मिटलेलेच होते.

“तुला माहीत होतं की.”

पुढच्या खड्ड्याला तिनं त्यांचं डोकं डाव्या हातानं धरून ठेवलं.

आप्पांच्या मांडीचं हाड वरच्या टोकाला मोडलं होतं. हृदय इतकं थकलेलं की भूल झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे आता खाटेवरच. शालन खोलीबाहेरच्या बाकावर हे ऐकत बसली होती. कुणी तिला बोललं नाही. मठाचे सेवेकरी तिच्याकडं बघायचे आणि नजर वळवायचे. ते बोलण्याहून वाईट होतं.

ती उठली आणि खालच्या मजल्यावर हाडाच्या डॉक्टरांकडं गेली.

“माझं मनगट बांधा.”

“वळणार नाही हं, बाई. नीट विचार केलाय ना? एकदा जोडलं की पुन्हा सोडवता येत नाही.”

“ठाऊक आहे.”

“आणि उपास-तापास बंद. हाड जुळायला अंगात काहीतरी असावं लागतं.”

त्या दुपारी विलासनं डब्यातून आमटी-भात आणला. शालननं मनातल्या मनात महाराजांना विचारलं, मीठ घेऊ का? काही उत्तर आलं नाही. तिनं आमटी ओतून घेतली. पहिल्या घासाला मिठाची चव इतकी जोरात लागली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

विलास म्हणाला, “खारट झालीय का?”

“नाही,” ती म्हणाली. “बरोबर झालीय.”

भुलीतून जागी झाली तेव्हा हाताआधी कंबरच ठणकत होती. तिथलंच हाड काढून मनगटात भरलं होतं. आपल्यातलंच एक ठिकाण उकरून दुसरं ठिकाण भरायचं... ती छताकडं बघत पडून राहिली. शेजारच्या खाटेवरची बाई विचारत होती, कशी आहेस गं. शालननं नुसती कंबर दाखवली.

प्लास्टर पुष्कळ दिवस होतं. विलासची बहीण घरी येऊन राहिली, अनूचं सगळं तिनं केलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात आत वाळून बारीक झालेला. पंजाच्या मागून कोपराच्या दिशेनं एक लांब, लालसर व्रण गेला होता. शालननं मनगट वळवून बघितलं. ते वळलं नाही. माहीत असूनही तिनं पुन्हा पुन्हा बघितलं.

मग बोटांचे व्यायाम सुरू झाले. ओला फडका पिळायचा. कणीक मळायची. वाळूनं भरलेली पिशवी उचलायची. दुखायचं, पण हे दुखणं वेगळं होतं. रोज थोडं मागं सरायचं.

आणि एका सकाळी नणंद आपल्या गावी गेलेली, विलास रिक्षावर, अनू भिजलेली. शालननं पदर खोचला. एक हात मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली. महाराजांचं नाव घ्यायचं ती विसरली. उचललं... आणि अनू उचलली गेली. मोरीपर्यंत गेली. पाटावर बसली, भिंतीला टेकली. निसटली नाही.

अनूनं तोंड वर करून तिच्याकडं पाहिलं. काही कळलं की नाही, देव जाणे. शालन तांब्यातून पाणी घालत राहिली. कपाळावरच्या त्या टाक्यांच्या खुणेवरून पाणी ओघळत होतं.

तर हे असं झालं. पण सगळंच गोड झालं असं म्हणावं, तर तसंही नाही. भाकरी थापायला मनगट लागतं. शालनची भाकरी आता एका बाजूला जाड आणि कडेला फाटकी व्हायची. विलास ती ताटात उलटी करून बघायचा. “ही भाकरी आहे का कौल?” मग खायचा. वेणी घालणं राहिलं, नुसता अंबाडा. बाया आता पाया पडत नव्हत्या. उलट नळावर कुजबुजायच्या, आप्पांना पाडलं ते हिनंच. ती हंडा भरायची, उचलायची आणि निघून यायची.

यातलं काही तिला फार लागत नव्हतं. एकच लागत होतं. रोज सकाळी ती देव्हाऱ्यात दिवा लावायची, फूल वाहायची, आणि तसबिरीकडं पाठ करून स्वयंपाकघरात जायची. देवापुढं उभी राहायची नाही. राहिली की हात वर यायचे, आणि वर आले की जुळायचे नाहीत.

असे किती दिवस काढायचे? शेवटी ती मठात गेली. विलासनं रिक्षा उंबराखाली लावली.

आप्पा मागच्या खोलीत होते. सेवेकरी बाजाराला गेले असावेत. खोलीत शिरताच तिला वास आला, आणि काय झालंय ते कळलं. घरी रोजचंच होतं ते. तिनं खिडकी उघडली, चुलीवरचं पाणी घेतलं, जुन्या कापडाची धडपी शोधली.

“राहू दे,” आप्पा म्हणाले. “ते येतील आता.”

“कुशीवर व्हा.”

“होता येत नाही, पोरी.”

“मी करते.”

तिनं त्यांच्या मोडक्या कमरेखाली उजवा हात घातला आणि अलगद त्यांना कुशीवर घेतलं. हात हलला नाही. पाठीवर खाटेचे व्रण पडले होते, ओले, लाल. तिनं ते पुसले, खोबरेल लावलं, खालचं धडपं काढून कोरडं घातलं. आप्पांचं वजन आता पोरासारखं झालं होतं.

पुन्हा उताणं केल्यावर आप्पा म्हणाले, “हात घट्ट झाला.”

तिला रडू फुटलं.

“माझ्यामुळं पडलात तुम्ही, आप्पा.”

“म्हातारी हाडं. कुणाच्या तरी हातनं पडायचीच होती. ओळखीच्या हातनं पडली, बरं झालं.” ते हसले, आणि हसण्यानंही त्यांना दुखलं. “त्याच्यासाठी आलीस का?”

“नाही...”

“मग?”

“मी देवापुढं उभी राहत नाही आता.”

“का?”

“हात जुळत नाहीत.”

“दाखव.”

तिला लाज वाटली. लुगड्याला हात पुसून तिनं ते छातीशी आणले. डावा वळला. उजवा नाही वळला. तळव्याला तळवा लावायचा तर डाव्यालाही उजव्यासारखं सरळ व्हावं लागत होतं. तसं केलं तेव्हा हात जुळले खरे, पण बोटं वर गेली नाहीत. ती पुढं आली, आडवी, थेट आप्पांकडं. समोरच्याला काही द्यावं तशी.

तिनं चटकन हात मागं घेतले.

“बघितलंत? असा नमस्कार कुणी करतं का? वर जातच नाही तो. समोर जो असंल त्याच्याकडंच जातो.”

आप्पा तिच्या हातांकडं बघत राहिले. खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्यांच्या तोंडावरच्या सुरकुत्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट दिसत होत्या. त्यांना धाप लागली होती.

मग त्यांनी घोंगडीखालून आपले दोन्ही हात बाहेर काढले. काटक्यांसारखे वाळलेले. त्यांनी तळव्याला तळवा लावला, मनगटं सरळ ठेवली, आणि बोटं शालनकडं केली. उशीवरून जेवढी पुढं येईल तेवढी मान पुढं आणली.

शालन दचकून उठली.

“आप्पा, नको! मला नको... मला पाप लागंल...”

आप्पांनी हात खाली घेतले नाहीत. ती मागं सरली तर बोटं तिच्या मागं वळली. ती भिंतीला टेकली. तिथून मागं जायला जागाच नव्हती. ती उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिनं ते पुसलं नाही. हात तसेच तिच्याकडं होते...

खूप वेळानं आप्पांनी ते घोंगडीवर ठेवले.

“अनू आलीय का?”

“बाहेर आहे. रिक्षात.”

आप्पांनी डोळे मिटले.

“जा. आता असाच नमस्कार तिलाही कर.”